नावाची शिडी

३ जून

प्रिय मामा,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस आणि ई-मेल उघडत नाहीस. आई म्हणाली, कागदावर लिही, मग तो दखल घेईल. त्यामुळे नोकरी लागल्यापासून आज पहिल्यांदा पेन विकत आणलं.

बातमी अशी की तुझा ड्रायव्हर माझ्या गळ्यात पडला आहे. मीटिंगमध्ये आमच्या ऑफिसच्या मुख्य बाईंनी विचारलं, "हे जुनं कोण बघेल?" सगळे पटकन खाली बघायला लागले. मी नवीन, मला हे माहीत नव्हतं, मी वर बघत राहिले.

आईला वाटलं मला एकदम मोठं पद मिळालं. तिला समजावलं ते असं, की कॉम्प्युटरला चिप लावली की तिच्याशी बोलायला एक दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. मामाने नोकरीत असताना पाण्याची पातळी मोजणाऱ्या चिपचा दुभाषा लिहिला होता, तो आता मी सांभाळायचा. आई म्हणाली, "म्हणजे त्याने पसारा केला आणि तू आवरायचास. आमच्या घरात हेच चालत आलंय."

मी तो पूर्ण वाचला. मोजमापाचा भाग मधल्या काळात दुसऱ्यांनी नव्याने लिहिलाय. तुझा म्हणून एकच भाग उरलाय, चिपला नाव द्यायचा. मामा, अरे काय हे! चिप कुठल्या कारखान्यातली, कुठल्या बोर्डावर बसली, तिच्या आधी कुणी आलंय का, असं विचारत विचारत शिडी चढायची. आणि बहुतेक वेळा वर पोचल्यावर तेच नाव मिळतं, जे खाली उभं असताना हातात होतं. साठ ओळी आहेत. त्या काढून मी अकरा ओळींचा एक तक्ता केलाय.

अडचण एवढीच, की पहिल्या पानावर राखणदार म्हणून अजून तुझंच नाव आहे. राखणदाराने 'पाहिलं, चालेल' असं लिहून सही केल्याशिवाय बदल आत जात नाही. कागद छापून सोबत पाठवतेय. जुलैअखेर यंदाची आवृत्ती बंद होते, आणि मला नोकरीत पक्कं करायचं की नाही हे बाई याच कामावरून ठरवणार आहेत. तेव्हा फार ताणू नकोस.

तुझी
ठकी


९ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर तुझ्या आईपेक्षा बरं आहे, म्हणजे वाईटच आहे.

फोन मी उचलत नाही, कारण फोनवर माणूस विचार करायच्या आधी बोलतो. ई-मेलवर तर विचार करायच्या आधी पाठवूनही मोकळा होतो. पत्राला निदान पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जावं लागतं. तेवढ्या वेळात निम्मी पत्रं मी फाडून टाकली आहेत.

तुझे कागद लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवतो. पहिल्या पानावर ओळी आत-बाहेर झाल्या आहेत. दुसऱ्या पानावर तू 'अनावश्यक भाग काढला' असं लिहिलंयस. अनावश्यक हे कुणी ठरवलं? जुनं काढायला अक्कल लागत नाही, ठके. ते का घातलं होतं हे शोधायला लागते. तिसरी पायरी आहे ती कारखान्याने चिपांवर उलटसुलट शिक्के मारून ठेवले म्हणून. पाचवी, एका बोर्डावर दोन चिपा बसवायची हुशारी एकाने केली म्हणून. सातवी मी अंगात ताप असताना लिहिली, पण बरोबर आहे.

आणि जुना म्हणून नाक मुरडतेस त्या ड्रायव्हरवर आमच्या अख्ख्या बिल्डिंगचं पाणी चालतं. गच्चीवरच्या टाकीत चिप आहे, माझ्या ओट्याखाली जुना कॉम्प्युटर आहे, टाकी रिकामी झाली की पंप सुरू आणि भरली की बंद. तळमजल्यावर दाताच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्या कमिटीच्या सेक्रेटरी. त्यांना बाजारातला तयार डबा बसवायची घाई झाली आहे. मला विचारतात, "तुम्ही हे असं किती दिवस बघणार?" मी म्हणालो, "टाकी आहे तोवर." रिटायर झाल्यापासून मला विचारून होणारी एवढी एकच गोष्ट उरली आहे. ती मी डब्याच्या हवाली करणार नाही.

सही देत नाही. आधी एकेका पायरीचा जबाब दे.

तुझा
मामा

ता. क. कागदाची घडी घालताना कोपऱ्याला कोपरा लावावा.


१४ जून

प्रिय मामा,

नमस्कार. कागद पुन्हा छापून पाठवतेय, घडी बघून घे. पट्टी लावून घातली आहे.

आता जबाब. तिसरी पायरी: तो कारखाना बंद पडला. तिथे आता फरशांचं दुकान आहे, मी फोन करून विचारलं, त्यांनी मला फरशा विकायचा प्रयत्न केला. पाचवी: दोन चिपांचा बोर्ड ज्याने काढला त्याने स्वतःच तो सोडून दिला, हल्ली मधमाश्या पाळतो. सातवी: तुझा ताप आता उतरला असेल असं धरते. बाकीच्या पायऱ्यांवर मला एकही जिवंत माणूस सापडला नाही.

एक सोडून. शेवटची पायरी ज्या बोर्डासाठी आहे, त्याबद्दल मी सगळीकडे विचारलं. कुणाकडे नाही. तू पाठवलेल्या वर्णनावरून तो फक्त एका ओट्याखाली आहे.

म्हणून पेनड्राइव्हवर नवा ड्रायव्हर घालून पाठवतेय. तुझ्या मशीनवर चालवून बघ. शिडी गेल्यामुळे तुझ्या चिपचं नाव बदलेल. तुझ्या पंपाच्या प्रोग्रॅममध्ये जुन्याच्या जागी नवं नाव घाल, विसरू नकोस. मग सही कर आणि टाक पेटीत.

फाडू नकोस.

तुझी
ठकी


२० जून

चि. ठकीस आशीर्वाद.

पेनड्राइव्ह मिळाला. घातला. पंप सुरू झाला.

सही एवढ्यात देत नाही. थोडे दिवस दे. कारण विचारू नकोस.

इकडे हवा दमट आहे. सहज विचारतो, भिजलेली पुस्तकं पंख्याखाली वाळवावीत की दोरीवर? तुझी आई लहानपणी पुस्तकं बादलीत बुडवायची, तिला अनुभव असेल.

मामा


६ जुलै

मामा,

तुझ्या पत्रानंतर मी दोन कार्डं टाकली. एकालाही उत्तर नाही. पत्राला पेटीपर्यंत चालावं लागतं हे कबूल, पण तू काय रांगत निघाला आहेस का?

पंप सुरू झाला असं तूच लिहितोस. म्हणजे माझं काम बरोबर आहे. तरी सही नाही, आणि वर कारण विचारायचं नाही! इथे माझी नोकरी टांगणीला लागली आहे आणि तू मला हवापाणी कळवतोस आणि पुस्तकं कशी वाळवायची विचारतोस. आईला विचारलं. ती म्हणाली तिने एकच पुस्तक बुडवलं होतं आणि ते तुझं गणिताचं होतं आणि तू तिला चॉकलेट दिलं होतंस त्यासाठी.

खरं सांगू? त्या ड्रायव्हरात तुझं म्हणून फक्त ती शिडी उरली आहे. ती गेली की तुझं काही दिसणार नाही. म्हणून अडून बसला आहेस. स्पष्ट बोल ना तसं, मी समजून घेतलं असतं.

बाई म्हणाल्या, उत्तर न देणाऱ्या राखणदाराचं नाव काढता येतं, तसा नियम आहे. मी अर्ज दिलाय. त्याची प्रत सोबत जोडली आहे, कारण तीही नियमाप्रमाणे जोडावी लागते.

ठकी


११ जुलै

नमस्कार.

आपली ओळख नाही. मी तुमच्या मामांच्या बिल्डिंगमधली दाताची डॉक्टर. तुमचा पत्ता मला तुमच्याच पत्रांवरून मिळाला. ती गेले काही दिवस जिन्याच्या कठड्याला बांधलेल्या दोरीवर चिमटे लावून वाळत आहेत. मजकूर मी वाचलेला नाही. पत्ता वाचताना जेवढा दिसला तेवढाच.

तुमचे मामा तुम्हाला काही कळवणार नाहीत, म्हणून मी लिहिते. मी दाताची डॉक्टर आहे. माझ्यासमोर भले भले तोंड उघडून बसतात, हा माणूस एकटाच बंद करून बसला आहे.

तुमचा तो पेनड्राइव्ह आला त्या दिवशी ते फार खुशीत होते. दवाखान्यात डोकावून मला म्हणाले, "भाचीने पाठवलाय, माझ्यापेक्षा आखूड लिहिते." वर जाऊन त्यांनी तो घातला, पंप सुरू झालेला बघितला आणि पाकीट घेऊन पोस्टात गेले. तिथे जेवणाची सुट्टी होती, म्हणून बाहेरच्या बाकावर बसून राहिले. इकडे टाकी भरली आणि पंप काही थांबला नाही. तुमचे मामा टाकीच्या बरोबर खाली राहतात, त्यामुळे पहिलं पाणी त्यांच्याच घरात उतरलं. मग जिना. मग माझा दवाखाना. बाहेर एक पेशंट तोंडात कापूस धरून बसला होता. तो हातवारे करून मला काही सांगत होता. मला वाटलं दुखतंय, मी त्याला धीर दिला.

कमिटीची बैठक झाली. सगळ्यांनी विचारलं, नव्या ड्रायव्हरमुळे झालं का? ते म्हणाले, "तिच्या कामात चूक नाही. चूक माझी." का, कशी, काही सांगेनात. तयार डब्याचा ठराव मीच मांडला आणि तो एकमताने पास झाला. दोन वर्षं मी त्या ठरावाच्या मागे होते. आता झाला, तर माझ्याच्याने त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

परवा तुमचं पाकीट आलं. त्यांनी ते जिन्यातच उघडलं आणि वाचता वाचता पायरीवर बसले. मी विचारलं, वाईट बातमी आहे का? म्हणाले, "नाही, नियमाप्रमाणे आहे." मग मला विचारलं, तुमच्याकडे जास्तीचे चिमटे आहेत का.

मी दिले. पुढचं तुम्ही बघा.

तळमजल्यावरची डॉक्टर


१५ जुलै

प्रिय मामा,

मी गाढव आहे. हे मी फोनवरही सांगायला तयार होते, सकाळपासून लावतेय, तू उचलत नाहीस.

डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. तू मला कळवलं का नाहीस रे? 'पंप सुरू झाला' म्हणे! मी ते वाचलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. आणि त्यानंतर तुला जे लिहिलं ते आता आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं. आईला दाखवलं. तिने ते वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

अर्ज मी आज मागे घेतला. बदलसुद्धा मागे घेते आहे. राहू दे शिडी. बाई म्हणाल्या, मग पक्क्या नोकरीचं पुढच्या वर्षी बघू. बघतील. मी रविवारी येते आणि जिना पुसते, पुस्तकं वाळवते, कमिटीपुढे उभी राहून सांगते की चूक माझी होती.

तुझी
ठकी


२० जुलै

चि. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी येऊ नकोस. जिना वाळला आहे. पुस्तकंही वाळली, फक्त आता मिटत नाहीत.

आणि चूक माझी हे मी तुला पाठीशी घालायला म्हणालो, असा गैरसमज करून घेऊ नकोस. मी एवढा चांगला माणूस नाही. चूक खरोखर माझी होती. तू लिहिलंस तसं मी नाव बदललं. पण माझा पंपाचा प्रोग्रॅम नाव दोन ठिकाणी विचारतो, पंप सुरू करताना आणि बंद करताना. मी पहिल्या ठिकाणी बदललं आणि खुशीत उठलो. दुसऱ्या ठिकाणी तो जुन्याच नावाने हाका मारत बसला. आणि चिप सापडली नाही तर काय करायचं, याचं उत्तर मीच कधीकाळी लिहून ठेवलंय: सापडली नाही म्हणजे टाकी रिकामी, चालू दे पंप. आयुष्यभर लोकांचे कागद लाल केले. हा प्रोग्रॅम घरचा, म्हणून कुणाला दाखवलाच नाही. तुला दाखवला असता तर तू पहिल्या वाचनात पकडलं असतंस.

कळवलं नाही, कारण लाज वाटली. दुसरं काही नाही. तुला कळवलं तर तू घाबरून बदल मागे घेशील हे नंतर सुचलेलं कारण आहे, पण चांगलं आहे म्हणून तेही लिहितो.

तुझ्या पत्राने लागलं. लागलं नाही असं म्हणणार नाही. पण मग वाटलं, यात नवीन काय? चिपचं उत्तर आलं नाही म्हणजे टाकी रिकामी, असं मी धरलं. माझं उत्तर आलं नाही म्हणजे म्हातारा अडून बसला, असं तू धरलंस. आपण दोघं एकाच घरातले आहोत. पाणी ओसंडून वाहिल्याशिवाय आपल्याला कळत नाही.

आता शिडीचं. ती गेली की माझं काही दिसणार नाही, हे तू बरोबर ओळखलंस. पोस्टात जाताना ते माझ्या मनात नव्हतं, नंतरच्या दिवसांत मात्र होतं. खोटं कशाला बोलू?

तर तो तयार डबा आला. बसवायला आलेला माणूस टाकीला घाबरत होता, म्हणून डबा मीच वर नेला. झाकण उघडून, तार जोडून आत डोकावलो. कोण असावं? आपलाच ड्रायव्हर. नवं मोजमाप, आणि त्याच्या वर माझी शिडी, साठच्या साठ ओळी. जगात कुठे कुठे हे डबे बसले असतील कोण जाणे. मी गच्चीवर पाय पसरून बसलो. म्हटलं, बघू तरी. डबा सुरू केला. कारखाना विचारला, बोर्ड विचारला, आधी कोण आलं विचारलं, तापातली पायरीही चढून गेला. आणि वर पोचून तेच नाव घेऊन आला जे खाली असताना हातात होतं. मी पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. बिचारा प्रत्येक वेळी उगाच चढतो, ठके. तू म्हणालीस तसंच.

सोबत तुझे कागद आहेत. पोस्टाच्या बाकावर बसून मी 'पाहिलं, चालेल' लिहिलं होतं, पण पाण्याचं कळल्यावर ते हातात घेऊनच घरी धावलो आणि ते जिन्यात भिजलं. म्हणून पुन्हा लिहिलं आहे, खाली सही आहे. पण वाळत घातलेला कागद रोज येता-जाता समोर दिसतो, त्यामुळे तुझ्या अकरा ओळीही मी नीट वाचल्या. तो तक्ता कशाला? चिप येते तेव्हा सिस्टिम तिचं नाव आधीच हातात देते. तेच घ्यायचं. एक ओळ पुरते. ती लाल पेन्सिलीने समासात लिहिली आहे. घाल, आणि बाईंना सांग की काम तुझं आहे. मी फक्त चुका काढल्या.

राखणदार म्हणून माझं नाव काढायचं असेल तर काढ. आता टाकीही माझ्याकडे नाही.

डब्यात आपला ड्रायव्हर आहे हे मी कमिटीला सांगितलेलं नाही. फक्त डॉक्टरीणबाईंना सांगितलं, म्हणजे कमिटीला कळेलच.

तुझा
मामा

ता. क. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, डब्याकडे अधूनमधून बघायला कुणी लागेल का. मी म्हणालो, विचार करून पत्राने कळवतो. तीन मजले खाली राहतात, तरी पोस्टाने कळवलं. हो म्हणालोय.


३० जुलै

प्रिय मामा,

नमस्कार.

आज बदल आत गेला. साठ ओळी गेल्या, माझ्या अकराही गेल्या, तुझी एक राहिली. बाईंनी ती तीन वेळा वाचली आणि विचारलं, "एवढंच?" मी म्हणाले, "हो, एवढ्यासाठीच दोन महिने लागले." त्यांनी मला पक्कं केलं. काम माझंच आहे असं सांग म्हणालास, ते मी सांगितलं नाही. खरं तेच सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, चुका काढणारा मामा सगळ्यांकडे हवा.

आईला एक ओळ वाचून दाखवली. तिला काही कळलं नाही, पण 'याने कधी नव्हे ते आवरलं' म्हणाली आणि डोळे पुसले. चॉकलेटाचं ती अजून विसरलेली नाही.

तुझं नाव मी काढलेलं नाही. पहिल्या पानावर जिथे होतं तिथेच आहे, आणि त्याच्या खाली माझं घातलंय. आता राखणदार दोघं. बाईंनी नियम पुन्हा समजावून सांगितला: उत्तर आलं नाही तर दोघांचीही नावं एकदम निघतात.

तेव्हा उत्तर लिही. मी चार दिवस वाट बघेन, मग तू आजारी आहेस असं धरून थेट दारात येईन.

तुझी
ठकी